माझाच जुना फ्लॅशर मला नवा म्हणून विकला

बाइकला एलईडी इंडिकेटर मी स्वतः लावले होते आणि त्याचा मला भारी अभिमान होता. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी फसलो तो त्या अभिमानाला धक्का लागला म्हणूनच.

चार इंडिकेटर, आठ वायरी, रविवारची एक दुपार. सगळं जोडून बटण दाबलं तर इंडिकेटर नुसता फडफडायला लागला. पंधरा सेकंदांत मोजले, चाळीसच्या वर भरले. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत इंडिकेटरचा वेग मिनिटाला ९० धरलाय, ३० इकडे किंवा तिकडे चालतात, म्हणजे ६० ते १२०. माझा १६० च्या पुढे होता. मला वाटलं, वायर चुकवली. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. शेवटी गाडी मेकॅनिककडे नेली.

त्याचा पहिला प्रश्न : "घरी हात घातलात ना?" मी मान खाली घातली. तिथेच त्याला गिऱ्हाईक कळलं. "रेक्टिफायर जास्त करंट सोडतोय, म्हणून फ्लॅशर पळतोय. असंच चालवलंत तर बॅटरी जाईल, मग वायरिंग. दोन दिवस ठेवून जा." (फ्लॅशर म्हणजे इंडिकेटरला मिचकावणारी छोटी डबी, रेक्टिफायर म्हणजे इंजिनाकडून येणारी वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारा पार्ट.) दोन दिवसांनी गाडी मिळाली, इंडिकेटर शांतपणे टिकटिक करत होते. बिलावर तीन गोष्टी : नवा रेक्टिफायर, नवा एलईडी फ्लॅशर, वायरिंग दुरुस्तीची मजुरी. जुने पार्ट मी मागितले नाहीत. आपणच बिघडवलेलं कुणीतरी निस्तरून दिलंय, मग वर आणखी काय मागायचं, असं वाटलं.

आता खरं काय होतं ते सांगतो. माझ्या गाडीचे मूळ बल्ब १० वॅटचे. पुढचा आणि मागचा मिळून एका बाजूला २० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण १.७ अँपिअर करंट. कंपनीचा फ्लॅशर तेवढ्या करंटची अपेक्षा धरून बसलेला असतो. एक बल्ब उडाला की करंट निम्म्यावर येतो, आणि चालकाला ते कळावं म्हणून फ्लॅशर मुद्दाम भराभर मारायला लागतो. एलईडी इंडिकेटर एकेक दीड वॅटचा. दोन मिळून पाव अँपिअर. फ्लॅशरच्या दृष्टीने बल्बच उडालेत! म्हणजे वेगानं मारणं हा बिघाड नव्हताच, फ्लॅशर आपलं काम चोख करत होता. (जुन्या, पट्टी तापून चालणाऱ्या फ्लॅशरला एलईडी लावले तर उलटं होतं, तो बहुतेक वेळा मारतच नाही, नुसता पेटून राहतो.) रेक्टिफायरचा यात काडीचा संबंध नाही. तो खरंच जास्त व्होल्टेज सोडत असता तर हेडलाइटचे बल्ब उडाले असते, बॅटरी उकळली असती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन आठवडे गाडी मजेत चालवली. एक गोष्ट खटकायची : सिग्नलला उभा असताना, इंजिन आयडलवर, इंडिकेटरच्या तालावर हेडलाइट किंचित मंद व्हायचा. मी मनातल्या मनात त्याचाही दोष स्वतःच्या वायरिंगला दिला आणि गप्प बसलो.

मग एका संध्याकाळी लांबलचक सिग्नलला उजवा इंडिकेटर लावून थांबलो असताना वास आला. तापलेल्या प्लास्टिकचा, नाकात बसणारा. घरी येऊन डावं-उजवं दोन्ही साइड पॅनेल काढलं. मुख्य वायरिंगच्या जुडग्याला काळी टेप गुंडाळून, झिप टायनं आवळून दोन सोनेरी धातूचे तुकडे बसवले होते. टेप सोलली तर त्यावर छापलेलं : ५० वॅट, ६.८ ओहम. लोड रेझिस्टर. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. एकाखालच्या दोन वायरींचं आवरण मऊ होऊन एकमेकांना चिकटलं होतं, पॅनेलच्या आतल्या बाजूला फुगा आला होता.

रेझिस्टर करतो काय, तर इंडिकेटरला समांतर बसून फुकटचा करंट खातो, म्हणजे फ्लॅशरला बल्ब आहेत असं वाटतं. पण खाल्लेल्या करंटची सगळी उष्णता होते. ६.८ ओहम हा आकडा २१ वॅटच्या बल्बसाठी आहे, माझे तर १० चे होते. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरा, तर इंडिकेटर पेटलेला असताना एकट्या रेझिस्टरमध्ये २८ वॅट जळतात. मूळच्या दोन बल्बना मिळून २० लागत होते. वीज वाचवायला एलईडी लावले आणि जुन्यापेक्षा जास्त जाळत फिरत होतो. हेडलाइट का मंद व्हायचा तेही कळलं. आणि '५० वॅट' वाचून निर्धास्त होऊ नका. तो आकडा रेझिस्टर मोठ्या धातूच्या पत्र्यावर घट्ट कसलेला असेल तेव्हाचा. टेपमध्ये गुंडाळून वायरींवर ठेवण्यासाठी तो नाही.

आता 'नवा एलईडी फ्लॅशर'. रबराच्या कप्प्यातून बाहेर काढला आणि हसू आलं, रडू यायच्या ऐवजी. बाजूला स्क्रूड्रायव्हरचा आडवा ओरखडा. तो मीच पाडला होता, त्या रविवारी, घाईत. दोन्ही रेझिस्टर सोडवून बटण दाबलं : पुन्हा तीच फडफड. खरा एलईडी फ्लॅशर लोड, म्हणजे किती करंट ओढला जातोय ते, बघत नाही, तो स्वतःच्या ठरलेल्या वेगानं मारतो. मग रेक्टिफायर पाहिला. बोल्टवर गंज आणि चिखलाचा थर जसाच्या तसा, पाना कधी लागलेलाच नाही. बॅटरीवर मल्टिमीटर धरला : बंद असताना १२.६, रेस केल्यावर १४.२. ठणठणीत.

मेकॅनिककडे रेझिस्टर, फ्लॅशर आणि चिकटलेल्या वायरी घेऊन गेलो. ओरखडा दाखवला. तो म्हणाला, "मारतोय ना बरोबर? मग?" वायरी दाखवल्या तर म्हणाला, "घरी हात घातला की असंच होतं." तेच वाक्य. या वेळी मात्र मान खाली गेली नाही. पैसे परत मिळाले नाहीत, पण दुकानात थांबलेल्या दोघांनी ते वायरीचे चिकटलेले तुकडे हातात घेऊन पाहिले.

एलईडी फ्लॅशर नंतर स्वतःच आणून बसवला. त्याची किंमत त्या बिलाच्या कोपऱ्यातही दिसली नसती. माझ्या गाडीत दोन पिनांचा होता, नवा तीन पिनांचा : बी म्हणजे बॅटरीकडून, एल म्हणजे इंडिकेटरच्या बटणाकडे, ई म्हणजे अर्थ. ईची काळी वायर चॅसीला कसली. दोन पिनांचे एलईडी फ्लॅशरही मिळतात, पण बी आणि एल उलटे लागले तर ते ढिम्म राहतात, मग लोक खराब निघाला म्हणून परत देतात. मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच इंडिकेटर दिवा असेल तर आणखी एक गंमत होते : एका बाजूचं बटण दाबलं की चारही मारतात, कारण करंट त्या दिव्यातून पलीकडे झिरपतो. तिथं दोन १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे छोटे पार्ट) आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला, एवढंच लागतं. यासाठी कुणी 'मीटर बदला' म्हटलं तर गाडी उचला आणि निघा.

काही नव्या गाड्यांत फ्लॅशर वेगळा नसतोच, तो मीटरच्या किंवा कंट्रोलरच्या आत असतो. तिथं रेझिस्टर लावणारा प्रामाणिक असू शकतो. फक्त तो चॅसीच्या धातूवर कसलेला, प्लास्टिकपासून दूर आणि तुम्हाला दाखवून लावलेला असावा.

मागच्या आठवड्यात एका मित्रानं कौतुकानं सांगितलं की त्याचेही इंडिकेटर आता शांत मारतात, रेक्टिफायर बदलावा लागला म्हणे. मी त्याला काही बोललो नाही. इंजिन थंड होतं. चावी ऑन करून डावा इंडिकेटर पाच मिनिटं चालू ठेवायला लावला आणि त्याचा तळहात साइड पॅनेलवर ठेवला. त्यानं हात काढून घेतला आणि डिकीतून स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला.