गुडघ्याखालचा कृत्रिम पाय: जयपूर फूट की लायनरचा मॉड्युलर?

किमतीआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. पाय कापल्यावर वर्ष-दीड वर्ष स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आकसत राहतो. आज घट्ट बसलेला सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो कप, काही महिन्यांत सैल होतो. त्यामुळे पहिलाच पाय महागडा घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पहिल्या पायासाठी जयपूर फूट चांगला. १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सेठी यांनी तो घडवला. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती ही संस्था तो मोफत बसवते. पाऊल रबराचं आणि घोट्यात वाकणारं. उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, चिखलातून अनवाणी चालता येतं. शेतात राबणाऱ्याला हे फार मोलाचं. उणीव सॉकेटमध्ये. प्लास्टिक कडक, पकड पट्ट्याची. पाय उचलताना सॉकेट थोडा खाली सरकतो आणि कातडी घासते. शिवाय एकदा जोडलेल्या पायाचा कोन नंतर फारसा बदलता येत नाही.

मॉड्युलर म्हणजे सुटे भाग जोडून केलेला पाय; त्यात तो कोन एलन कीने (षटकोनी चावीने) बदलता येतो. सिलिकॉन लायनर म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ आवरण; त्याची पिन सॉकेटच्या तळाशी लॉकमध्ये अडकते, घासणं कमी होतं; व्रणाच्या, नाजूक कातडीला त्याने मोठा आराम. पण पिन सरळ रेषेत यावी लागते. मधुमेहाने नजर अधू किंवा बोटं बधिर असतील तर रोज सकाळी तारांबळ उडते. पिन स्टंपचं टोकही ओढते, तिथे सूज येऊ शकते. कोकणातल्या दमटपणात लायनरमध्ये घाम साचतो, म्हणून तो रोज सौम्य साबणाने धुऊन वाळवावा. साधारण वर्षभरात तो बदलावाही लागतो. यात सॅच पाऊल (घोट्यात न वाकणारं, मऊ टाचेचं) असेल तर बुटाची टाच ठरलेल्याच उंचीची हवी, नाहीतर गुडघ्याला झटके बसतात.

स्टंपवर घालायचे मोजे दोन्हींत लागतात: १, ३, ५ प्लायचे (प्लाय म्हणजे जाडीचं माप). स्टंपचं टोक सॉकेटच्या तळाशी टेकून दुखू लागलं की एक मोजा वाढवा. दहा प्लायच्या पुढे गेलात तर सॉकेटच नवा हवा. पाय काढल्यावर लाली १०-१५ मिनिटांत गेली पाहिजे. राहिली तर पाय घालणं थांबवून तंत्रज्ञाला दाखवा. संवेदना नसेल तर रोज आरशात स्टंपचा तळ बघा.

नसलेल्या पायाच्या वेदना महागड्या पायाने जात नाहीत. त्यासाठी आरसा-उपचार (आरशात धड पायाचं प्रतिबिंब बघत करायचा व्यायाम) आणि डॉक्टरांची औषधं. झोपताना गुडघ्याखाली उशी मात्र ठेवू नका. गुडघा वाकलेलाच राहिला तर दोन्हींपैकी कुठलाच पाय नीट बसणार नाही.

मॉड्युलर ठरवलात तर पैसे देण्याआधी नव्या लायनरची किंमत आणि सॉकेटच्या दुरुस्तीचा खर्च लेखी घ्या.