नमुना लोकरीचा, गालिचा प्लॅस्टिकचा

धुळ्यात हिवाळ्यात कधी कधी पारा पाच-सहा अंशांवर येतो. गावाकडच्या आमच्या माडीला सागवानी फळ्या आहेत आणि आप्पांना पहाटे शेगडी लागतेच. अंगणात बाभळीची लाकडं नि पऱ्हाट्या पेटवायच्या, धूर सरला की शेगडी वर आणायची, खिडकी उघडी ठेवायची, असा आमचा रिवाज. लाकूड आतून ओलं राहिलं असेल तर त्यातल्या पाण्याची वाफ होते, निखारा तडकतो आणि ठिणगी उडते. म्हणून खाली काहीतरी अंथरावंच लागतं.

शहरात लागलेल्या एका विक्री प्रदर्शनात ‘शुद्ध लोकर, फायरप्रूफ’ गालिचा पाहिला. विक्रेत्याने माझ्यासमोर नमुन्याच्या तुकड्यावर पेटती काडी धरली. केस जळल्यासारखा वास आला, धागा काळा पडला आणि काडी बाजूला घेताच विझला. माझी खात्री पटली. ३,२०० रुपये मोजले आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गालिचा तसाच घरी आणला. तो सोडून पाहिला नाही, ही माझी चूक.

चौथ्या दिवशी आप्पांची हाक आली, “काय जयी ऱ्हायनं वं?” धावत गेले. ठिणगी पडली तिथे गालिचा वितळून फळीला चिकटला होता आणि कडेने ज्योत सरकत होती. तांब्यातलं पाणी ओतलं. आप्पांच्या पायापासून ती जागा वीतभर लांब होती. ते आठवलं की अजून हात थरथरतात.

नंतर एक धागा ओढून परातीत जाळला. तो आकसला, थेंब गळला आणि थंड झाल्यावर कडक गोळी उरली. म्हणजे प्लॅस्टिकचा धागा. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांना वितळतं, पॉलिस्टर २५५ च्या आसपास. निखारा त्याहून कितीतरी तापलेला असतो. खऱ्या लोकरीला पेट घ्यायला साडेपाचशेच्या वर उष्णता लागते आणि तिची राख बोटांत चुरते. पण जळत तीही असते. फायरप्रूफ म्हणणं तिच्याबाबतही खोटंच.

प्रदर्शन उठलं होतं. माझ्याकडच्या चिठ्ठीवर ना दुकानाचा पत्ता, ना जीएसटी क्रमांक. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचाच आला. तुम्ही घेणार असाल तर पक्कं बिल मागा, आणि नमुन्याचा नव्हे, घरी न्यायच्या गालिच्याच्या काठाचा धागा तिथेच जाळून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर उठून या.

आता शेगडीखाली पत्रा आणि त्यावर वाळू आहे. भोवती आप्पांची जुनी घोंगडी, नव्या गालिच्यासाठी मी गुंडाळून ठेवलेली. वीस वर्षांच्या ठिणग्यांचे डाग तिच्यावर आहेत, सगळे हरभऱ्याएवढे.