वापरलेल्या परफ्यूमचं मोल काढायला खिशातला काटा: कोणता घ्यावा, कुठवर मानावा

महागडं परफ्यूम वापरून विकायला काढलं की पहिला वाद बाटलीत किती उरलंय यावरच होतो. 'अर्ध्याच्या वर आहे' म्हणणाऱ्याला घेणारा अर्ध्याच्या खालीच धरतो, आणि बहुतेक वेळा बरोबर तोच असतो. बाटली दहा सेंटिमीटर उंच, त्यात काचेचा तळच दोन सेंटिमीटरचा. बाहेरून पाच सेंटिमीटरवर दिसणारी पातळी म्हणजे आत जेमतेम ३७ टक्के माल. विटा-आटपाडीचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात, पण नजरेवर दर कोणी बोलत नाही. तोल आधी.

सांगलीत सोनारकामाच्या साहित्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन हा खिशातला डिजिटल काटा साधारण पाचशे रुपयांच्या आत मिळतो. २०० ग्रॅमचा घेऊ नका. ०.०१ ग्रॅम दाखवतो म्हणून भारी वाटतो, पण जड काचेची १०० मिलीची भरलेली बाटली सहज २५०-३५० ग्रॅम भरते आणि पडद्यावर आकड्याऐवजी ओव्हरलोडची खूण येते. ५०० ग्रॅम क्षमतेचा, ०.१ ग्रॅम दाखवणारा पुरे. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा ३० मिलीच्या बाटलीला कमी पडतो.

झाकण काढून, पंप तसाच ठेवून बाटली तोला. त्याच आकाराच्या, त्याच मॉडेलच्या रिकाम्या बाटलीचं पंपासकट वजन वजा करा आणि उरलेले ग्रॅम ०.८५ ने भागा. पाण्यासारखा एकास एक हिशेब चालत नाही. परफ्यूममध्ये मुख्यतः अल्कोहोल असतं आणि ते पाण्याहून हलकं. समजा रिकामी २१२ ग्रॅम, आताची २६३. ५१ भागिले ०.८५ म्हणजे ६० मिली. मिरजेच्या दर्ग्याच्या बाजूला घेतलेल्या अत्तराला मात्र हा भाजक लावू नका, ते तेल आहे. एकाच मॉडेलच्या दोन बाटल्यांच्या काचेतही काही ग्रॅमचा फरक असतो, त्यामुळे आलेला आकडा खालच्या पाचाच्या पटीत धरावा. रिकामी बाटली मिळालीच नाही, तर मागून उजेड देऊन आतल्या तळापासून पट्टीनं मोजणं एवढंच हाती राहतं. सरळ चौकोनी बाटलीला ते चालतं, गोल खांद्याच्या बाटलीला फसतं.

काट्याचे दोष: ताटली लहान, म्हणून रुंद बाटली कडेला टेकली की वजन कमी दाखवतो. पंखा चालू असला की शेवटचा आकडा स्थिर राहत नाही. मिनिटभरात आपोआप बंद होतो आणि शून्य पुन्हा करावं लागतं. सेल उतरले की चुकतो, पण तसं सांगत नाही. दहा रुपयांची दहा नाणी ठेवून ७७ ग्रॅमच्या आसपास येतं का, हे अधूनमधून पाहावं. आणि हा काटा अंदाजासाठीच. तोलून विकायचा धंदा करायचा तर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलाच काटा लागतो.

माल अस्सल आहे का, हे काटा सांगत नाही. तळावरचा बॅच कोड, म्हणजे कोणत्या घाण्यातला माल हे सांगणारा क्रमांक, आणि खोक्यावरचा कोड जुळला पाहिजे. शनेलचा चार अंकी असतो. पंपाचं धातूचं कडं मानेवर दाबून बसवलेलं असेल आणि त्यावर पक्कडीचे ओरखडे दिसले, तर बाटली पुन्हा भरलेली समजा. भारतात विकलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर असतं. ड्यूटी-फ्रीच्या बाटलीला ते नसतं, तिथं पावती लागते. रंग गडद झाला म्हणून घाबरू नका, व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन असलेलं परफ्यूम वयानं तपकिरी होतंच. फवारल्यावर लिंबू-संत्र्याच्या जागी आंबट, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येऊन तो टिकला, तर उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात राहिलेला माल आहे. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजून वाळलेलं खोकं हे खोकं नसल्यातच जमा.

किमतीचा आधार एमआरपी नव्हे. आज नवी बाटली प्रत्यक्षात जिथं सर्वांत स्वस्त मिळते तो दर. १०० मिली १२,००० ला मिळत असेल तर मिलीला १२० रुपये, ६० मिलीचे ७,२००. खोकं, झाकण, कोड सगळं जागेवर असेल तर त्याचे साठ टक्के, म्हणजे ४,३०० च्या घरात मागावेत. खोकं-झाकण नसेल तर पंचेचाळीस टक्के, सव्वातीन हजार. तिसऱ्या हिश्शाच्या खाली माल असला की गिऱ्हाईक डिकँटवालाच, म्हणजे छोट्या कुप्यांत भरून थोडं थोडं विकणारा, आणि तो आणखी पाडून मागतो. ही ढोबळ रीत झाली. बंद पडलेल्या किंवा घडण (फॉर्म्युला) बदललेल्या परफ्यूमला ती लागू नाही. इव्ह सां लोराँचं २००२ चं मूळ एम-सेव्हन, किंवा १ मार्च २०२२ ला युरोपात लिलिअल या सुगंधी रसायनावर बंदी येण्याआधीची घडण, अशा बाटलीला ई-बेवर 'विकले गेले' हा फिल्टर लावून आकडे पाहावेत. मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहितो.

सगळा संग्रह एकगठ्ठा घेणाऱ्याला देऊ नका. तो चांगल्या चार बाटल्यांच्या भावात बाकीच्या फुकट धरतो.

कुरियरला परफ्यूम ज्वलनशील द्रव म्हणूनच सांगून रस्त्याच्या मार्गानं पाठवावं. पॅक करण्याआधी काट्यावरच्या बाटलीचा फोटो घेणाऱ्याला धाडून ठेवा. पोहोचल्यावर त्यानं तोललं की गळती वाटेत झाली का, याचा निकाल दोन मिनिटांत लागतो.