कॉटेज छोटं, पण समोरच समुद्र

तीन रात्री राहिलो. फोटोत वाटतं त्यापेक्षा कॉटेज बरंच लहान आहे, दोन बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा नाही, पण आत बसतंय कोण! पहाटे अंधारातच होड्यांची इंजिनं धडधडायला लागतात, झोप हलकी असेल तर मागची खोली मागून घ्या. खाऱ्या हवेने दाराची कडी इतकी गंजलीय की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, मालकांना सांगितलं तर हसत तेलाची बाटलीच हातात दिली. आणि हो, भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, आम्ही तिसऱ्या दिवशीही पहिल्या दिवसाच्याच वेळेला टॉवेल घेऊन गेलो तर पाणी अजून लांबच. जाळ्यांचा वास दुसऱ्या दिवशी जाणवतही नाही.