नेझबी मांडायची आहे: २८ मिलिमीटर की ६?

इंग्लंडच्या यादवीतली, राजा चार्ल्स विरुद्ध संसद अशी नेझबीची लढाई छोट्या शिपायांचा डाव म्हणून टेबलावर उभी करायचं ठरलं की बहुतेकांचं गाडं एकाच प्रश्नावर अडतं: शिपाई कुठल्या मापाचे, म्हणजे किती उंच, घ्यायचे? ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी ही लढाई आधी २८ मिलिमीटरमध्ये मांडली, नंतर ६ मध्ये. दोन्हींची गोडी वेगळी आहे, त्यामुळे एकाला सरळ बाद करणं मला जड जातं.

२८चं सुख शिपाई हातात घेतल्यावरच कळतं. बंदूकधाऱ्याच्या छातीवरचा तिरका पट्टा, त्याला लटकलेल्या दारूच्या लाकडी नळ्या. ब्रशच्या टोकाने एकेक नळी रंगवता रंगवता तो माणूस ओळखीचा होतो. ६ मध्ये हे नाही. शिपाई तांदळाच्या दाण्याएवढा, चेहरा म्हणजे रंगाचा ठिपका. मात्र संध्याकाळी बसलं की अख्खी पलटण रंगवून होते. २८ मध्ये तेवढ्यालाच माझे तीन रविवार गेले होते.

जागेचं म्हणाल तर नेझबी ही बगलांची लढाई. १४ जून १६४५ रोजी राजाच्या बाजूच्या रूपर्टच्या घोडदळाने संसदेच्या आयर्टनच्या बगलेचा बराचसा भाग उधळला आणि ते पुढे थेट संसदेच्या सामानाच्या तळापर्यंत गेलं. ते परतेपर्यंत राजाच्या पायदळाचा निकाल लागला होता. माझ्या मते खेळाचा जीव इथेच आहे. डायनिंग टेबलावर टाकलेल्या ६ बाय ४ फुटी प्लायवूडवर २८चं घोडदळ दोन चालींत कडेला पोचतं, आणि ‘गेलं टेबलाबाहेर’ असं धरून चालावं लागतं. ६ मध्ये सामानाच्या गाड्या टेबलावरच राहतात, रणांगणाच्या कडेच्या सल्बीच्या कुंपणाआड संसदेच्या ओकीचे ड्रॅगून, म्हणजे घोड्यावरून येऊन पायउतार होऊन लढणारे बंदूकधारी, नीट बसतात. रूपर्ट खेळणाऱ्याला आपण किती लांब आलो हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

तरीही मी २८ सोडलं नसतं. सोडायला लावलं ते भाल्यांनी.

त्या काळचा भाला १६ फुटांच्या आसपास, म्हणजे २८च्या मापात साधारण ८ सेंटिमीटरची पोलादी तार. एकेका पलटणीत अशा दहा-बारा. सरकवायला हात घातला की बोटाला टोचतात. समोरासमोरच्या पलटणी भिडवायच्या, तर भाले एकमेकांत अडकतात आणि बेसना (शिपाई ज्यावर चिकटवतात त्या पट्ट्यांना) बेस लागतच नाहीत. भालेकऱ्यांची रेटारेटी हा त्या युद्धाचा आत्मा. नेमकी तीच टेबलावर अर्धवट राहते. शिवाय आमचा डाव कधी माझ्याकडे, कधी वाशीच्या मित्राकडे. शिपाई आडवे ठेवले तर भाले गुंततात, उभे ठेवले तर डब्याचं झाकण बसत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये डबा पोटाशी धरून उभं राहायचं, आणि वाशीला उघडून बघावं तर पाच-सहा वाकलेले, दोन हातातून निखळलेले. पहिला अर्धा तास पक्कड आणि फेविक्विक. प्लास्टिकचे भाले लावून पाहिले; ते टोचत नाहीत, पण तुटतात. तिसऱ्या खेपेला भर डावात चार्ल्सच्या पलटणीचा झेंडेकरीही मोडला, तेव्हा मनाने घेतलं.

६ मध्ये भाले म्हणजे शिपायांच्या रांगेतूनच ओतलेलं बारीकसं कुसळ. सगळं सैन्य मिठाईच्या दोन सपाट डब्यांत मावतं. बेसखाली लोहचुंबकाची पट्टी आणि डब्याच्या तळाला पत्रा लावला आहे, त्यामुळे काही हलत नाही. जेवणाच्या वेळेला टेबल दहा मिनिटांत मोकळं होतं.

एक उणीव मात्र मान्य करायला हवी: नवखा माणूस चार फुटांवरून कोण कुणाचं हे ओळखत नाही. म्हणून मी संसदेचा सेनापती फेअरफॅक्स याच्या फौजेचे डगले मुद्दाम भडक लाल रंगवले, झेंडे मापापेक्षा मोठे लावले.

तुमच्याकडे टेबल महिनाभर मांडून ठेवण्याजोगी खोली असेल आणि डाव घराबाहेर न्यायचा नसेल, तर २८ जरूर घ्या. नाहीतर सुरुवातीला ६च्या दोन पलटणी आणि एक घोडदळाची तुकडी मागवून बघा. माझ्याकडे आता दोन्ही बाजू मिळून बावीस पलटणी झाल्या आहेत.