ओफ्रेंदा, आलेब्रिखे की पापेल पिकादो: स्पॅनिशच्या वर्गासाठी कोणता प्रकल्प घ्यावा?

शाळेत स्पॅनिश शिकवणाऱ्यांपुढे सप्टेंबर आला की हा प्रश्न येतोच. चित्रकलेच्या सरांबरोबर मिळून मेक्सिकोच्या परंपरेवर एक प्रकल्प करायचा आहे, तर कोणता निवडायचा? फिरून फिरून तीनच पर्याय समोर येतात: कागद कातरून केलेल्या पताका म्हणजे पापेल पिकादो, चित्रविचित्र प्राणी म्हणजे आलेब्रिखे, आणि मृतांच्या दिवसासाठी घरात मांडतात ती ओफ्रेंदा. तिन्ही मी वर्गात करून पाहिले आहेत. निवडताना मी एकच बघते: हातातलं काम पुरं करायला मुलाला स्पॅनिश लागतंच का? लागत नसेल तर तो चित्रकलेचा तास झाला आणि आपला तास त्यात गेला.

पापेल पिकादो सगळ्यात सोपं आणि स्वस्त. पतंगाचा कागद, कात्री, दोरा, दोन तास, की वर्ग सजला. मेक्सिकोत मात्र हे कात्रीचं काम नाही. पुएब्ला राज्यातल्या सान साल्वादोर उइस्कोलोत्ला गावचे कारागीर पातळ कागदाचे 40-50 ताव एकावर एक ठेवतात आणि छिन्नी-हातोडीने नक्षी तोडतात. त्या कागदाला ते ‘पापेल दे चीना’ म्हणतात, म्हणजे चिनी कागद. मुलांना हे सांगितलं तर हातातल्या कागदाकडे ती जरा वेगळ्या नजरेने बघतात. पण भाषा? ‘दोब्ला, कोर्ता, आब्रे’, म्हणजे घडी घाल, काप, उघड. आज्ञार्थ पक्का होतो आणि गाडी तिथेच थांबते. पहिल्या वर्षी मी छापील नमुने वाटले होते. भिंती सुंदर दिसल्या, पालकांनी फोटो काढले. महिन्याने विचारलं तर मुलांना तीन शब्द आठवत होते. चूक माझी होती. नमुना आयता दिला की बोलण्याचं कारणच उरत नाही.

आलेब्रिखेचं तसं नाही. मेक्सिको सिटीतले पेद्रो लिनारेस कागदाच्या लगद्याची कामं करायचे. 1936 मध्ये ते आजारी पडले आणि तापात त्यांना पंखांचं गाढव, शिंगांचा कोंबडा असे प्राणी दिसले, ‘आलेब्रिखे’ असं ओरडत असलेले, अशी हकिकत सांगतात. बरे झाल्यावर त्यांनी ते प्राणी घडवायला घेतले. पुढे ओआहाका राज्यात मानुएल हिमेनेस यांनी तसेच प्राणी कोपाल नावाच्या झाडाच्या लाकडात कोरले. 1990 मध्ये लिनारेस यांना त्यांच्या देशाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

वर्गात याचा फायदा असा की प्रत्येकाचा प्राणी वेगळा असतो, त्यामुळे वर्णन स्वतःचं स्वतःलाच करावं लागतं. शेपूट सरड्याची, पंख फुलपाखराचे, रंग कोणता? इथे मराठी मुलांना एक गंमत सापडते. आपला ‘हिरवा’ लिंगाप्रमाणे बदलतो, ‘लाल’ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये नेमकं उलटं: ‘वेर्दे’ तसाच राहतो आणि ‘रोखो’चं ‘रोखा’ होतं. शेपूट, म्हणजे ‘कोला’, स्त्रीलिंगी, म्हणून ‘कोला रोखा’. हा नियम मी फळ्यावर तीनदा लिहिला होता. आपल्या प्राण्याची शेपटी रंगवताना तो मुलांना एकदाच सांगावा लागला.

अडचण आहे ती वेळेची. तीन आठवडे धरा. मैद्याच्या खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या आपल्याकडच्या दमट हवेत लवकर वाळत नाहीत आणि वर बुरा येतो. बुरा येऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असतं, मुलांच्या हातात नको. एका दिवशी दोनच थर द्यावेत आणि रात्रभर खिडकीपाशी ठेवावं.

आता ओफ्रेंदा. तिन्हींत अवघड हीच, आणि मला सगळ्यात जवळचीही. 1 नोव्हेंबर लहान मुलांच्या आत्म्यांचा, 2 नोव्हेंबर मोठ्यांचा. गेलेली माणसं त्या दिवशी घरी पाहुणी येतात, म्हणून त्यांचा फोटो, पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा धूप, गोड पाव आणि त्यांच्या आवडीचं खाणं मांडतात. वाट दाखवायला झेंडू. हो, आपला दसऱ्याचा झेंडू! तो मूळचा मेक्सिकोचाच. तिथलं नाव सेंपासुचिल, नाहुआत्ल भाषेतलं, शब्दशः ‘वीस-फूल’.

हे सांगितलं की मुलं पितृपक्षाचं नाव काढतात. काढू द्यावं, पण दोन्ही एकच आहे असं म्हणू नये. हॅलोविनशी तर अजिबात जोडू नये. ओफ्रेंदा भीतीची नाही, स्वागताची असते. काही पालक विचारतात, गेलेल्यांचे फोटो शाळेत कशाला? त्यांचं म्हणणं मला पटतं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर त्या मुलावर जोर करूच नये. मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो हिची ओफ्रेंदा मांडता येते, पाळलेल्या मांजराचीही येते.

पण भाषा इथे आपसूक येते. ‘आ मि आबुएलो ले गुस्ताबा एल ते’, म्हणजे माझ्या आजोबांना चहा आवडायचा. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. ‘आजोबांना’ तसंच ‘आ मि आबुएलो’, ‘आवडायचा’ तसंच ‘गुस्ताबा’. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारी मुलं याच रचनेशी वर्षभर झगडतात. मराठी मूल ती घरूनच घेऊन येतं, फक्त तसं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून निवड अशी करा. सहावी-सातवी असेल, भूतकाळ अजून शिकवलेला नसेल, तर आलेब्रिखे. आठवी-नववी असेल आणि वर्गातली मुलं तुमच्याशी मोकळेपणाने बोलत असतील, तर ओफ्रेंदा. हाताशी एकच आठवडा असेल तर पापेल पिकादो करा, पण नमुने वाटू नका. नक्षी मुलांनाच काढू द्या आणि तिच्याबद्दल चार वाक्यं बोलायला लावा. ओफ्रेंदा घेतलीत तर पताका त्यातच येतात, वेगळ्या करायला नकोत. तारखेचा हट्टही सोडा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बऱ्याचदा दिवाळीची सुट्टी असते. दसरा झाला की लगेच मांडा, तेव्हा झेंडूही भरपूर असतो.

गेल्या वेळी आठवीतल्या एका मुलीने फोटोपुढे नुसती रिकामी कप-बशी ठेवली. आजोबा बशीत ओतून, फुंकर मारून चहा प्यायचे. तिला ‘फुंकर मारायचे’ हवं होतं आणि पुस्तकात ते कुठेच नव्हतं. आम्ही मिळून शोधलं: ‘सोप्लाबा’. तिने ते चिठ्ठीवर लिहिलं, बशीखाली सरकवलं आणि मग घरून आणलेल्या थर्मासमधून बशीत थोडा चहा ओतला.