गुडघा बदलल्यानंतरचा देखरेखीखालचा व्यायाम: ठाण्यात सहा महिन्यांनी

निकाल आधीच सांगून टाकतो: पैसे वसूल होतात ते गोनिओमीटर (सांधा किती अंश वाकतो ते मोजायचं साधन) आणि आकडे लिहून ठेवायच्या वहीमुळे, यंत्रांमुळे नाही. संपूर्ण गुडघा बदलल्यावर पहिले सहा आठवडे आठवड्यातून तीनदा, बाराव्या आठवड्यापर्यंत दोनदा आणि पुढे पंधरवड्यातून एकदा तपासणी, असा क्रम होता. फिजिओथेरपीचं केंद्र नौपाड्यातलं, तळमजल्यावरचं. तळमजला किरकोळ समजू नका. तिकडच्या बऱ्याच जुन्या इमारतींना लिफ्ट नाही आणि पहिल्या महिन्यात दोन जिने चढून व्यायामाला जाणं म्हणजे व्यायामाआधीच गुडघा फुगवून घेणं.

सगळ्यांचा डोळा असतो गुडघा वाकतो किती यावर. फोन करणारे नातेवाईकही तेच विचारतात. दुर्लक्ष होतं ते गुडघा सरळ होण्याकडे. पाच-दहा अंश सरळ व्हायचे राहिले की चाल लंगडी होते, उभं असताना मांडीचा पुढचा स्नायू सतत राबतो आणि मग कंबर कुरकुरायला लागते. उपाय साधा आहे: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, पाच मिनिटांपासून दहापर्यंत, दिवसातून तीन-चारदा. गुडघ्याखाली मात्र उशी नको. तिने बरं वाटतं, म्हणूनच ती ठेवली जाते, आणि रात्रभर राहिली की मागची बाजू आखडते. जो फिजिओ आल्याआल्या आधी हे सरळपण मोजतो, तो कामाचा.

वाकण्याचे आकडे कामाशी जोडले की समजतात. सपाट चालायला साधारण 65 ते 70 अंश पुरतात, जिना चढायला 85 च्या आसपास, उतरायला 90, खुर्चीतून नीट उठायला त्याहून थोडे जास्त. दोन आठवड्यांत 90 आणि सहा आठवड्यांत 105-110 हे वाजवी लक्ष्य. सहा आठवडे उलटूनही 90 च्या आत अडकलं असेल तर जोर लावत बसू नका, सर्जनला दाखवा. भूल देऊन गुडघा मोकळा करायची वेळ आलीच तर ती पहिल्या तीन महिन्यांत बरी, पुढे आतलं चिकटणं घट्ट होत जातं.

ताकदीच्या व्यायामात देखरेख खरी उपयोगी पडते. पाय सरळ उचलताना गुडघा किंचित वाकत असेल, तर स्नायू अजून तयार नाही. तोवर वजनाचा पट्टा बांधायचा नाही, नुसतं मांडी आवळून पाच सेकंद धरायचं, दहाचे तीन फेरे. पट्ट्याची सुरुवात अर्ध्या किलोपासून. खुर्चीतून उठताना ऑपरेशनचा पाय नकळत पुढे सरकतो आणि सगळा भार दुसऱ्या पायावर जातो. घरी हे कोणाच्या लक्षात येत नाही. इथे दोन पायांखाली दोन वजनकाटे ठेवून फरक दाखवला जायचा. घरीही जमण्यासारखी युक्ती आहे. पायरी आधी चार इंचांची, मग सहाची, आणि गुडघा आत झुकला की पुन्हा चारवर.

व्यायाम झेपला की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. वाटीच्या मध्यावरून टेप लावून घेर मोजायचा. कालपेक्षा सेंटिमीटरभर वाढला असेल तर त्या दिवशी फेरे निम्मे, आणि कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. पोटरी दुखून सुजली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला तर व्यायाम बंद, मालिश तर नाहीच, थेट सर्जनला फोन.

खटकलेलं सांगायचं तर पंचेचाळीस मिनिटांतली वीस मिनिटं आयएफटी (सौम्य विजेचा प्रवाह देणारं यंत्र) आणि अल्ट्रासाऊंडला (तपासणीचं नव्हे, ध्वनिलहरींनी उपचार करणारं यंत्र) लावून झोपवून ठेवण्यात जायची. सांगून ती वेळ उभ्याच्या व्यायामाला घेतली. संध्याकाळच्या बॅचला एका फिजिओकडे चार पेशंट. मग देखरेख म्हणजे लांबून आकडे मोजणं. दुपारची वेळ मागून घ्या.

काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या उलट्या हातात. निम्मे लोक चुकीच्या हातात धरतात आणि कोणी टोकत नाही. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. रिक्षात पाठ करून कडेला टेकायचं, आत सरकायचं आणि मग पाय घ्यायचे. ड्रायव्हरच्या मागे जागा तुटपुंजी, त्यामुळे 90 अंश वाकेपर्यंत ती कटकटच. तलावपाळीची फेरी सकाळी गर्दी व्हायच्या आत मारावी. पावसाळ्यात ओल्या फरशीवर काठीचं झिजलेलं रबर हमखास सरकतं, ते आधी बदला.

पॅकेज घ्यायचं तर दहा वेळांचं. दहाव्या वेळी वही उघडून पहिल्या दिवसाचे अंश, घेर आणि तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता आलं ते आजच्या आकड्यांशी ताडून बघा. वहीच नसेल तर पुढचे दहा दुसरीकडे.